‘टेंगला’चे धनी

बुधवार, ९ जुलै १९६९. सकाळी धुकं, दहानंतर कडक ऊन. वरच्या कुरणातलं गवत निम्मं आत आलं. सहा अंडी. संध्याकाळी निग्शमास्तर सुटकेसएवढं यंत्र घेऊन आले. वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर नेली. मायनराटने दोन पाती ठोकली, त्याचा आवाज मास्तरांनी फितीवर घेतला. अक्रोडाच्या केकचे तीन तुकडे खाल्ले (मास्तरांनी). यंत्राला वीज किती लागते विचारलं. नगण्य, म्हणाले.

शनिवार, १२ जुलै. पाऊस. मास्तर दुकानात भेटले. फीत कोरी निघाली म्हणाले. पाच अंडी.

वाल्बुर्गा ट्यूर्चरच्या कपाटात अशा सत्तेचाळीस वह्या होत्या. मठाच्या शाळेत असताना सिस्टर म्हणायच्या, दिवस देवाने उसना दिलेला असतो, परत करताना तो कसा वापरला ते सांगता आलं पाहिजे. बाकीच्या मुलींनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. बुर्गाने ते पाळलं. तिच्या वहीत रडणं नसे, देवाची आळवणी नसे. हवा, अंडी, कोण आलं, काय खाल्लं, एवढंच. लोक हसत. पण गावात कुणाची गाय कधी व्याली यावरून वाद झाला, की दोन्ही पक्ष तिच्याच दारात येत.

निग्शमास्तरांना मात्र त्या वह्यांत काय आहे याची कधी कल्पना आली नाही. इतक्या वेळा त्या कपाटाखाली बसून केक खाल्ला, पण वर बघावंसं वाटलं नाही. मास्तरांची तीच तर खासियत होती.

गेबहार्ट निग्श मूळचे खालचे, नदीकाठच्या सपाटीवरचे. सत्तेचाळीस साली, चोविसाव्या वर्षी, ओबरहाल्डेच्या एकखोली शाळेवर त्यांची नेमणूक झाली. ओबरहाल्डे इतक्या उतारावर आहे, की तिथे गवत कापायला यंत्र चढत नाही. माणसं लांब दांड्याचा विळा घेऊन पायाखालचा डोंगर भादरतात. त्या विळ्याचं पातं रोज संध्याकाळी छोट्या ऐरणीवर ठोकून त्याची कड कागदासारखी पातळ करावी लागते, नाहीतर सकाळी दवाने मऊ झालेलंसुद्धा गवत कापलं जात नाही. या ठोकण्याला डोंगरातले लोक ‘टेंगला’ म्हणतात.

मास्तरांचा आणि या क्रियापदाचा परिचय पहिल्याच आठवड्यात झाला. दहा वर्षांच्या लोरेन्त्सला त्यांनी विचारलं, काल संध्याकाळी काय केलंस? लोरेन्त्स म्हणाला, बाबांबरोबर टेंगला केलं.

“हा काय शब्द आहे? गायीच्या भाषेत बोलतोस का तू?”

“बाबा असंच म्हणतात, मास्तर.”

“मग बाबांनाही पाठव.”

हातावर पाच पट्ट्या बसल्या. शिवाय ‘मी माणसांच्या भाषेत बोलेन’ हे वाक्य शंभरदा लिहून आणायचं. लोरेन्त्सने लिहून आणलं. त्याच्या पुढच्या एकोणीस वर्षांत गावातल्या प्रत्येक पोराने ते कधी ना कधी लिहिलं. मास्तरांनी तो शब्द वर्गातून असा झाडून काढला, की कोपऱ्यातसुद्धा त्याचा कण राहिला नाही.

मग सहासष्ट साली त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं, की विद्यापीठातले विद्वान डोंगरातले जुने शब्द गोळा करत आहेत, आणि असे शब्द पाठवणाऱ्यांची नावं छापली जातात.

त्या दिवसापासून मास्तर वही घेऊन ‘टेंगला’च्या शोधात निघाले. शब्द काही लांब गेला नव्हता. वर्गातून हाकलला तेव्हा तो सरळ घरी गेला होता आणि बुर्गाचा नवरा मायनराट ट्यूर्चर याच्या स्वयंपाकघरातल्या बाकावर बसला होता.

मायनराट तरुणपणी रोजावर गवत कापायला सात खोऱ्यांत हिंडलेला. कुठल्या गावात कामाला काय म्हणतात, ते म्हणताना तोंड कसं वाकडं करतात, सगळं त्याला येई. मास्तरांनी खोरी पाहिली ती त्या बाकावरून.

“मायनराट, खिंडीपलीकडे काय म्हणतात?”

“डेंगला. आणि दारू जास्त पितात.”

“दारूचं राहू दे.”

“दारू राहू दिली तर तो ‘ड’ निघत नाही, मास्तर. करून बघा.”

“बरं, भूतकाळात कसं चालतं हे क्रियापद?”

“तसंच चालतं. आधी हातावर थुंकायचं, मग ठोकायचं. आमचा आजा तसंच करायचा.”

“आणि शब्दाचं मूळ? काही ऐकलंयस का म्हाताऱ्यांकडून?”

मायनराटने ऐरणीवर पात्याला एक हलका ठोका दिला. टेंग. “हे मूळ,” तो म्हणाला. “लोखंडाने स्वतःच सांगितलेलं.”

मास्तरांनी वहीत लिहिलं: लोकव्युत्पत्ती, दुर्लक्ष करावे. मग केककडे वळले. केककडे त्यांनी कधीही दुर्लक्ष केलं नाही.

आता गावाची एक गोष्ट मास्तरांना चाळीस वर्षांत कळली नाही, कारण संध्याकाळी ते खिडकी लावून वह्या तपासत बसत. उन्हाळ्यात सूर्य कड्याआड गेला, की दारादारांत ठोकणं सुरू होई आणि प्रत्येक ठोक्याला धनी असे. डोळे मिटून सांगता येई: हा लोरेन्त्सचा बाप, घाईत आहे. हा चर्चचा घंटावाला, आज पिऊन आला. बायका त्यावर चुलीची वेळ साधत. मायनराटचे तर बहिऱ्यालाही ओळखू येत. तीन ठोके, थांबणं, पुन्हा तीन. एकावन्न साली वैरण कापायच्या यंत्रात त्याच्या डाव्या हाताची तर्जनी गेली होती. उरलेल्या बोटांनी पातं पुढे सरकवायला त्याला दर तीन ठोक्यांनी थांबून पकड बदलावी लागे. ते थांबणं ऐकू आलं, की सराईवाली रोझीना रीबलचं, म्हणजे मक्याच्या सांज्याचं, पाणी ठेवी. मक्याचा रवा वैरायचा तो चर्चच्या घंटेला. कधी चुकलं नाही.

आणि ज्या घरचा माणूस गेला, त्या घरची हातोडी मुकी होई. तिथे दुसऱ्याने बसून ठोकायचं नाही. शेजारी गवत कापून देत, पण पातं स्वतःच्या दारात ठोकून आणत.

अठ्ठ्याहत्तरच्या ऑक्टोबरात मायनराट गेला. पुढच्या उन्हाळ्यात पहिल्या संध्याकाळी गाव ठोकू लागलं. बुर्गाने थोडा वेळ ऐकलं, शाल घेतली आणि मास्तरांच्या दारी गेली.

“मास्तर, ती फीत. एकोणसत्तरची. थोडंसुद्धा काही नाही का उमटलेलं त्यावर?”

“कोरी होती, बुर्गाबाई. नुसती खरखर. तेव्हाच सांगितलं होतं.”

“खरखर असली तरी चालेल. कुठेतरी मागे असेल तो.”

“अहो, यंत्राचं शास्त्र असतं. तुम्हाला काय सांगू?”

काही सांगू नका म्हणून ती परत आली. वहीत लिहिलं: फीत कोरीच. पुन्हा विचारायचं नाही.

आठ वर्षं तिने विचारलं नाही.

सत्त्याऐंशीच्या जुलैत, निवृत्त होऊन चार वर्षं झाल्यावर, मास्तरांचं पुस्तक छापून आलं: ‘टेंगला: एका क्रियापदाचा उगम आणि रूपे’. पहिल्याच पानावर जाड बूट घातलेले, काठी घेतलेले मास्तर, खाली ओळ: ‘सात खोऱ्यांच्या पायवाटांवर’. बूट दुकानातून आणले होते त्या डब्यातल्या कागदाइतकेच कोरे. मजकुरात उत्तरेच्या दर्यावर्दी लोकांचं एक प्राचीन क्रियापद होतं, त्याचा अर्थ म्हणे हाणणे. मग वादळाच्या देवाचा हातोडा होता. आणि मायनराट? तो ‘एक वृद्ध कापणीवाला’ म्हणून पान साठच्या तळटीपेत होता. तेव्हा तो वृद्धही नव्हता.

बुर्गाने पुस्तक चष्मा लावून अखेरपर्यंत वाचलं. पान चौऱ्याऐंशीवर ती थांबली. तिथे मास्तरांनी लिहिलं होतं, की अस्सल ‘टेंगला’चा ताल तीन ठोके आणि एक विराम असा असतो, आणि हा तीन देवांना आवाहन करून मौन पाळण्याच्या ख्रिस्तपूर्व विधीचा अवशेष आहे. तिने पान पुन्हा वाचलं. कुठल्याही पुस्तकात वाचून हा ताल सापडण्यासारखा नव्हता. तो कुठेतरी ऐकावाच लागला असता. आणि मास्तर संध्याकाळी खिडकी उघडत नसत.

तिने चष्मा काढला आणि रविवारसाठी काळा पोशाख इस्त्री करायला घेतला.

रविवारी, एकोणीस तारखेला, चर्चमधली मिस्सा झाल्यावर सराईच्या दालनात प्रकाशन झालं. मध्ये टेबलावर लोरेन्त्सचा विळा, ओंडक्यात ठोकलेली ऐरण, हातोडी, सगळ्याला फुलं वाहिलेली, जणू देव मांडले आहेत. विद्यापीठातून डॉक्टर एल्मर नावाच्या बाई आल्या होत्या, त्या पुस्तक ग्रंथालयासाठी घेणार होत्या. गावकरी बार्लीचं सूप पीत भाषण सोसत होते. मास्तरांनी प्राचीन दर्यावर्दी संपवले, देव संपवले आणि म्हणाले, “आता प्रत्यक्ष पुरावा. अस्सल तालाचं माझ्या संग्रहातलं ध्वनिमुद्रण.”

यंत्राचं बटण दाबलं. आधी खरखर. मग टेंग, टेंग, टेंग. थांबणं. टेंग, टेंग, टेंग.

चमचे जिथे होते तिथे राहिले. म्हाताऱ्या रोझीनाने हातातला ट्रे खाली ठेवला आणि भर अकरा वाजता, कुणी न सांगता, पाणी ठेवायला स्वयंपाकघराकडे चालू लागली. दारापाशी पोचल्यावर तिला कळलं आपण काय करतोय. तिने तिथूनच बुर्गाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मग सगळ्यांनी सुपात पाहिलं.

“छान,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “वाजवतंय कोण हे?”

मास्तर किंचित झुकले. “मीच. अभ्यासकाच्या हातात परंपरा उतरल्याशिवाय डोक्यात उतरत नाही.”

पन्नास-साठ माणसं सुपातच बघत राहिली. त्यांतल्या बहुतेकांच्या तळहातांनी मास्तरांची पट्टी पाहिलेली होती. तळहात फार जुनं लक्षात ठेवतात.

बुर्गा उठली. “मास्तर, तिसऱ्या ठोक्यानंतर तुम्ही का थांबता?”

“पान चौऱ्याऐंशी, बुर्गाबाई. विधीतलं मौन आहे ते.”

“नाही,” बुर्गा म्हणाली. “ते माझ्या नवऱ्याचं बोट आहे.”

मागून कुणाला तरी ठसका लागला.

“डाव्या हाताची तर्जनी,” ती डॉक्टरबाईंना म्हणाली, हवामान सांगावं तशा आवाजात. “एकावन्नच्या नोव्हेंबरात, सहा तारखेला, वैरणीच्या यंत्रात गेली. त्या दिवशी हिमवर्षाव झाला आणि दोनच अंडी मिळाली. तेव्हापासून मायनराट दर तीन ठोक्यांनी पातं सरकवायला थांबायचा. तीन देवांचं मला माहीत नाही. बोट मात्र मीच बागेत पुरलं.”

“गैरसमज होतोय,” मास्तर म्हणाले. त्यांच्या टकलावर घाम आला होता. “ताल सारखाच असतो. सगळ्यांचं ठोकणं सारखंच—”

हे वाक्य ओबरहाल्डेत कुणी माणूस बोलला नसता. तेवढ्याने दालन जागं झालं. लोरेन्त्स उठला. आता पन्नाशीचा, बैलासारखा रुंद.

“सारखंच असतं तर एकदा करून दाखवाच ना, मास्तर. पातं माझंच आहे, लाजू नका.”

“सवय सुटलीय आता—”

“परवाच तर हातात उतरली होती!” मागून एकजण ओरडला.

फुलं बाजूला झाली. मास्तरांना ओंडक्याशी बसवलं. त्यांनी पातं उलटं धरलं. लोरेन्त्सने ते सरळ करून दिलं, अगदी प्रेमाने, पहिलीतल्या पोराला पाटी सरळ करून द्यावी तसं. मास्तरांनी ठोका घातला. ठप्प. दुसरा. ठप्प. जिथे कड पातळ व्हायची तिथे ती झालरीसारखी लाटा लाटांची होत गेली.

“ऐरण हलतेय,” मास्तर म्हणाले.

“ही ऐरण माझ्या पणजोबापासून हललेली नाही,” लोरेन्त्स म्हणाला. त्याने पातं उजेडात धरून सगळ्यांना दाखवलं. “बुर्गामावशी, बघ. याने आता गवत कापायचं नाही. सणाला पडदा म्हणून लावायचं.”

हसण्याने सुपाच्या वाट्या हलल्या. लोरेन्त्सने आपला रुंद तळहात मास्तरांपुढे पसरला, क्षणभर तसाच ठेवला आणि मग फक्त हातोडी परत घेतली.

डॉक्टरबाईंनी पुस्तक मिटलं. “निग्शमास्तर, फीत कुणाची आणि माहिती कुणाची, हे नावानिशी पुस्तकात नसेल तर मला ते ग्रंथालयात घेता येणार नाही.”

“तीनशे प्रती छापून झाल्यात!”

सगळ्यांनी बुर्गाकडे पाहिलं. चूल पेटवायला पुस्तकं न्यायची म्हटली असती तर लोक हातगाड्या घेऊन आले असते. पण बुर्गाने आयुष्यात कधी कागद वाया घालवला नव्हता.

“प्रत्येक प्रतीत चिठ्ठी चिकटवायची,” ती म्हणाली. “माझ्या घरी. खळ मी करते. चिठ्ठ्या तुम्ही लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे. आणि फीत घेऊन या, माझ्याकडेच राहील. कोरी असली तरी.”

“छापून घेतो ना—”

“हाताने लिहा, मास्तर.”

कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, “शंभरदा.” दुसरा म्हणाला, “तीनशेदा.”

सोमवारी संध्याकाळी मास्तर आले, मजकूर घेऊनच: ‘प्रस्तुत संशोधनात काही स्थानिक शेतकऱ्यांचे किरकोळ साहाय्य झाले’. बुर्गाने लाल पेन्सिल घेतली आणि ‘काही’, ‘स्थानिक’, ‘किरकोळ’ आणि ‘साहाय्य’ खोडलं. मग काहीच उरेना, तेव्हा तिने स्वतः सांगितलं: ‘या पुस्तकातले शब्द आणि फितीवरची हातोडी मायनराट ट्यूर्चर यांची आहे.’

“पण उगमाचं प्रकरण तर माझंच आहे!”

“ते खुशाल तुमच्या नावावर ठेवा. त्यावर कुणी हक्क सांगायला येणार नाही.”

मंगळवारपासून मास्तर त्याच बाकावर बसून लिहू लागले. टेबलावर अक्रोडाचा केक झाकून ठेवलेला असे. कापायचा तो तीनशे झाल्यावर, असं ठरलं होतं. लोरेन्त्स गायी घेऊन जाता जाता खिडकीत डोकवायचा. “मास्तर, एकशेदहावी ओळ तिरकी आलीय.” “मास्तर, शाई सांडू नका, नाहीतर नव्याने.” मास्तर वर न बघता लिहीत. दोनशे चाळिसाव्या चिठ्ठीला त्यांनी बोटं चोळली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, “बुर्गाबाई, बोट गेल्यावर हातोडी डाव्या हातात आणि पातं उजव्यात घ्यावं असं त्याला वाटलं नाही का?”

“नाही. उजवा हात चांगला होता.”

मास्तरांचा हात खिशाकडे गेला. तिथे वही होती. त्यांनी ती काढली, उघडली आणि टिपून घ्यायला लागले.

“आधी दोनशे एकेचाळीस,” बुर्गा म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी तीनशे चिठ्ठ्या झाल्या. चिकटवायला लोरेन्त्स आला, रोझीना पलीकडून आली. मास्तरांनी जुनं सुटकेसएवढं यंत्र आणलं होतं. वायर लावली, फीत चढवली आणि बुर्गाकडे पाहिलं. ती चुलीशी खळ ढवळत होती. तिने मान हलवली.

खरखर. त्या खरखरीत मागे कोंबडी ओरडली. ती कोंबडी कुठली, हेही बुर्गाला आठवलं. मग कुणीतरी हातावर थुंकल्याचा आवाज आला आणि टेंग, टेंग, टेंग. थांबणं.

खिडकी उघडी होती आणि बाहेर खालच्या घरांत ज्यांचं ठोकणं चाललं होतं, ते एकामागून एक थांबत गेले. ऐकत असावेत. मास्तरही ऐकत होते. आपल्याच फितीवर काय आहे ते पहिल्यांदाच कळावं तसा त्यांचा चेहरा झाला होता, किंवा केकची वेळ झाली म्हणून असेल. त्यांच्या बाबतीत ठरवणं कठीण.

“मावशी,” लोरेन्त्स हलक्या आवाजात म्हणाला, “खळ.”

“बघतेय,” बुर्गा म्हणाली. ती बघत नव्हती. ती ढवळतही नव्हती.

फीत संपून चाक नुसतंच फिरत राहिलं. रोझीनाने उठून ते बंद केलं. मग सगळ्यांनी मिळून पुस्तकांत चिठ्ठ्या चिकटवल्या. बाहेर चर्चची घंटा झाली. शेवटच्या प्रतीवर मास्तरांनी तळहाताने चिठ्ठी दाबली आणि पुस्तक बुर्गाकडे सरकवलं. तिने केक कापला आणि त्यांच्या बशीत एक तुकडा वाढला.

त्या संध्याकाळी तिने लिहिलं:

शुक्रवार, २४ जुलै १९८७. ऊन, संध्याकाळी वारा. चार अंडी. खळीला पाव किलो पीठ लागलं. गाठी झाल्या, दुसऱ्यांदा करावी लागली.